ठाणे-नवी मुंबईतल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर: रचना, साठवण आणि खर्च याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातली जुनी घरं, घोडबंदर रोडवरचे टॉवर, नेरूळ-कोपरखैरण्यातली सिडकोची घरं, कुठेही स्वयंपाकघराचं काम निघालं की साधारण हेच प्रश्न विचारले जातात. माझं मत आधीच सांगते: पैसा पाण्याजवळच्या भागावर आणि हलणाऱ्या भागांवर घाला, दिसणाऱ्या भागावर वाचवा. खालची बरीचशी उत्तरं या मतातूनच आली आहेत.

आधी स्टाइल ठरवायची की आधी माप घ्यायचं?

दोन्हीच्या आधी घरातलं सामान बघा. एखाद्या रविवारी ओट्याखालचं, माळ्यावरचं, पलंगाच्या पेटीतलं, स्वयंपाकघराचं म्हणून जे काही आहे ते सगळं हॉलमध्ये चादर अंथरून मांडा. रोज लागणारं एका बाजूला, आठवड्या-पंधरवड्याने लागणारं दुसरीकडे, सणावाराचं तिसरीकडे. उरलेल्या ढिगाला कित्येक वर्षांत हात लागलेला नसतो. तो ढीग नव्या स्वयंपाकघरात न्यायचा की नाही, याचा निर्णय त्याच दिवशी घ्या. बिनकामाच्या भांड्यांसाठी कपाट करून घेण्याइतका महाग सौदा दुसरा नाही.

मग मोजपट्टी घ्या. सगळ्यात मोठी परात, सगळ्यात उंच डबा, दांड्यासकट कुकर, तळणीची कढई, आडवा धरलेला पोळपाट, सगळ्यांची मापं कागदावर लिहा आणि तो कागद सुताराच्या हातात द्या. ट्रॉलीची आतली रुंदी परातीपेक्षा अर्धा इंच कमी पडली, तर ती परात कायमची फ्रिजवर जाऊन बसते.

भिंतीचं माप जमिनीलगत, ओट्याच्या पातळीला आणि वर अशा तीन जागी घ्या. आपल्याकडच्या भिंती क्वचितच सरळ असतात. सगळ्यात कमी भरेल ते माप खरं धरायचं.

आमचं किचन लहान आहे, जेमतेम सात बाय आठ. एल शेप चांगला की पॅरलल?

जिथे दार आणि खिडकी समोरासमोर नाहीत, तिथे एल. खोली लांबट असेल आणि एका टोकाला ड्राय बाल्कनीचं दार असेल, तर पॅरलल. मात्र पॅरललमध्ये दोन ओट्यांच्या मध्ये साडेतीन ते चार फूट मोकळे हवेतच, नाहीतर एकाने ट्रॉली उघडली की दुसऱ्याला बाहेर जावं लागतं. सात फूट रुंदीत दोन्हीकडे दोन-दोन फुटांचे ओटे घेतले तर मध्ये तीनच फूट उरतात. अशा वेळी एका बाजूचा ओटा पूर्ण दोन फूट खोल ठेवा आणि दुसऱ्या बाजूला फक्त सव्वा-दीड फुटाचा ओटा घ्या. त्यावर मिक्सर, डबे, पाण्याचा फिल्टर आरामात राहतात.

यू शेप एवढ्या जागेत करू नका. दोन कोपरे तयार होतात आणि कोपऱ्यातली जागा वापरायला सगळ्यात महाग पडते.

लहान जागेत नीट स्वयंपाकघर बसवण्याचा विचार आजचा नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे श्यूट-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या सरकारी घरांसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं होतं. म्हणजे सव्वासहा बाय अकरा फूट, आपल्या वन बीएचकेच्याच जातकुळीतलं. बाईची किती पावलं वाचतील याचा हिशेब करून त्यांनी ओटा, सिंक आणि खण मांडले होते. तुम्हीही तेच करा. फ्रिज, सिंक आणि गॅस या तिघांमधल्या अंतरांची बेरीज सर्वसाधारणपणे चार ते आठ मीटर असावी, असा संकेत आहे. आपल्याकडे ती आठच्या वर जात नाही, अडचण उलटी होते. सिंक आणि शेगडी इतकी चिकटून येतात की भाजी चिरायला जागाच राहत नाही. त्या दोघांच्या मध्ये निदान दोन फूट सलग ओटा सोडा. बाकी काहीही मागेपुढे झालं तरी चालेल.

ओट्याची उंची किती ठेवायची?

बिल्डर ३२ ते ३४ इंचांवर ओटा देऊन मोकळा होतो. जी व्यक्ती रोज सर्वांत जास्त वेळ उभी राहते तिला ओट्यापाशी उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा हवा. घरात पाच फुटांच्या सासूबाई आणि पावणेसहा फुटांची सून दोघीही स्वयंपाक करत असतील, तर सिंककडचा भाग उंच आणि शेगडीकडचा भाग दोन-तीन इंच खाली, असे टप्पे करता येतात. शेगडी स्वतःच उंची वाढवते, हे विसरू नका. पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागत असतील तर ओटा नक्की उंच आहे.

मॉडर्न, पारंपरिक, हँडल नसलेलं, स्टीलचं… नेमकी कोणती स्टाइल निवडू?

चकचकीत अॅक्रिलिक आणि बिनहँडलचे शटर (म्हणजे कपाटांची दारं) फोटोत सुंदर दिसतात. रोज फोडणी, आठवड्यातून दोनदा बांगडे-सुरमई तळणारं घर असेल, तर त्या चकाकीवर प्रत्येक बोट उमटतं आणि शटरच्या वरच्या खाचेत पीठ-तेलाचा थर बसतो. मॅट सनमायका आणि साधं लांब स्टीलचं हँडल मला सगळ्यात जास्त पटतं. पुसायला सोपं, ओल्या हाताने उघडतं, शिवाय स्वस्त.

रंग फिका हवा असेल तर वरच्या कपाटांना द्या, खालच्यांना जरा गडद. खालच्या शटरवर पाणी आणि पायांचे ठोसे बसतात.

पारंपरिक म्हणजे पितळी भांडी ओळीने मांडणं एवढंच नव्हे. स्टीलची उघडी मांडणी आणि ताटाळं ही आपल्या हवेसाठी अतिशय शहाणी व्यवस्था आहे. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या ओलसर ताटांना कुबट वास येतो, मांडणीवरची भांडी मात्र निथळून वाऱ्यावर सुकतात. हल्ली लोक ती ‘जुनाट’ म्हणून भंगारात देतात याचं मला वाईट वाटतं. खिडकीशेजारच्या एका भिंतीवर मांडणी आणि बाकी बंद कपाटं, हे मिश्रण कोणत्याही स्टाइलमध्ये बसतं.

ओपन किचन करावं का?

घरात तळण कमी आणि माणसं दोन-तीनच असतील तर करा. एरवी सरकती काचेची पार्टिशन लावा. मिरचीचा ठसका हॉलमध्ये झोपलेल्या बाळापर्यंत किंवा दम्याच्या आजोबांपर्यंत पोचता कामा नये. आणि भिंत पाडण्याआधी ती पाडता येते का ते बघा. घोडबंदर रोड, खारघर भागातल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीचं बांधकाम आहे. त्यात आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असू शकतो. त्यांना हात लावायचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी या दोन गोष्टींशिवाय कोणत्याही ठेकेदाराला हातोडा उचलू देऊ नका.

प्लाय, पार्टिकल बोर्ड, एचडीएचएमआर, पीव्हीसी, स्टील: कशात करू?

याचं उत्तर सिंकखाली मिळतं. सात-आठ वर्षं जुनं कोणतंही पार्टिकल बोर्डाचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) किचन घ्या आणि सिंकखालचं शटर उघडा. तळाच्या फळीची कड बिस्किटासारखी फुगलेली असते, कडेला चिकटवलेली एज बँडिंगची पट्टी सुटून लोंबत असते, बिजागरीचे स्क्रू भुशात फिरत असतात. वरून शटर अगदी नवं दिसतं. पाणी कुठून आलं म्हणाल, तर वेस्ट पाइपच्या सैल जोडातून रोज पडणारे दोन-चार थेंब. खाडीकाठची आपली हवा जून ते सप्टेंबर ते थेंब सुकू देत नाही.

म्हणून सिंकखाली आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय वापरा. या दर्जाच्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकण्याची चाचणी असते. शिक्का प्रत्येक शीटवर छापलेला असतो. शीट कापण्याआधी स्वतः बघा आणि फोटो काढा. बाकी खालच्या कपाटांना बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारं, पण मरीनपेक्षा खालच्या दर्जाचं) प्लाय किंवा एचडीएचएमआर (ओल सहन करणारा दाट बोर्ड), आणि वरच्या कपाटांना, जिथे पाणी पोचत नाही तिथे, आणखी हलकं सामान चालेल. सगळीकडे मरीन प्लाय लावून बजेट संपवायची गरज नाही.

पीव्हीसी पाण्याला उत्तम, वाळवी लागत नाही, पण शेगडीजवळ उष्णतेने वाकतं आणि जड शटर पेलत नाही. भाड्याने द्यायच्या घरासाठी मी ते सुचवते.

स्टीलच्या ट्रॉल्या घेताना ३०४ ग्रेड मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण २०२ ग्रेडलाही तो फारसा चिकटत नाही, त्यामुळे त्या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही. फरक दिसतो तो दोन पावसाळ्यांनी, वेल्डिंगच्या जोडावर तांबूस ठिपके आले की.

कडाप्पा, ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?

ग्रॅनाइट, गडद रंगाचा. कडाप्पा स्वस्त आहे, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू-कोकम-चिंचेने पांढरे डाग पडतात. कपाटाच्या आत उभ्या फळ्या म्हणून तो झकास. क्वार्ट्झ दिसायला देखणा, पण त्यात रेझिन असतं, गॅसवरून उतरवलेला कुकर थेट त्यावर टेकवता येत नाही.

कमीत कमी खर्चात किचन नवं करायचं आहे. काय ठेवू, काय बदलू?

ओटा धड असेल तर तो ठेवा. जुन्या घरांमध्ये आणि सिडकोच्या घरांमध्ये ओटा कडाप्प्याच्या उभ्या आधारांवर असतो. त्या आधारांच्या मध्येच थेट स्टीलच्या ट्रॉल्या बसवता येतात, वेगळा लाकडी सांगाडा लागत नाही. सांगाड्याचं प्लाय, सनमायका, मजुरी सगळंच वाचतं आणि वाळवीला खायला काही उरत नाही. समोरून फक्त शटर. बजेट घट्ट असलेल्या घरांसाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. काळजी एवढीच की कडाप्पा पुढे एका मापाचा आणि मागे दुसऱ्या मापाचा असतो, म्हणून प्रत्येक खण पुढे-मागे मोजूनच ट्रॉली बनवायला द्यायची.

ट्रॉल्याही सगळीकडे नकोत. शेगडीखाली पातेल्यांची एक खोल ट्रॉली, तिच्या शेजारी ताटांची, वर चमचे-उलथण्याची उथळ, आणि एक कप-बशी-वाट्यांची. एवढ्यावर चौकोनी कुटुंबाचं भागतं. बाकी खणांत साधे कप्पे ठेवा. कोपऱ्यातली फिरती किंवा बाहेर येणारी यंत्रणा टाळा, तिथे मोदकपात्र, इडलीचा कुकर, मोठी पातेली ठेवा. वर्षातून चारदा वाकायला हरकत नसते.

जिथे हात आखडता घेऊ नये त्या जागा म्हणजे बिजागऱ्या, चॅनेल (ज्यांवर ट्रॉली सरकते त्या पट्ट्या), नळ आणि सिंकचं फिटिंग. हे रोज वीस-तीस वेळा वापरलं जातं.

नवीन फर्निचर अजिबात न करता जागा कशी वाढवायची?

कपाट उघडा आणि भांड्यांच्या वर किती हवा आहे ते बघा. दीड फूट उंच कप्प्यात चार इंचांच्या वाट्या ठेवलेल्या असतात, वरचा फूटभर रिकामा. मध्ये स्टीलचा पायांचा अर्धा कप्पा ठेवला की तीच जागा दुप्पट कामी येते. भांड्यांच्या दुकानात हे तयार मिळतात. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात फिरलात तर मोजपट्टी बरोबर ठेवा.

डब्यांसाठी फळी सहा-आठ इंचच खोल असावी, एका ओळीत डबे राहतील इतकी. खोल कपाटात मागच्या ओळीतला डबा विसरला जातो आणि त्यातल्या रव्याला किडे लागतात. दाराच्या मागे, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीच्या वर अशा उथळ फळ्या सहज बसतात.

चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की जवळपास पाचवा हिस्सा जागा वाया जाते, भूमितीच तशी आहे. म्हणून रोजच्या डाळी-कडधान्यांना चौकोनी डबे बरे. पण म्हणून आईने लग्नात दिलेले स्टीलचे गोल डबे काढून टाकू नका. त्यात हलकं सामान भरा आणि ते एकावर एक चढवा: पोहे, कुरमुरे, पापड.

शटरच्या आतल्या बाजूला झाकणं अडकवण्याची पट्टी. ओट्यामागच्या टाइल्सवर स्टीलचा दांडा आणि त्याला एस आकाराचे हुक: झारा, डाव, सांडशी, चाळणी. सिंकखाली पडद्याचा दाबून बसणारा दांडा, त्यावर फवाऱ्याच्या बाटल्या लटकतात आणि खालची जमीन पुसायला मोकळी राहते. कांदे-बटाट्यांना जाळीची, चाकांची उभी टोपली, पण दोघांना वेगवेगळ्या मजल्यावर ठेवा. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

आणि ओट्यावर कायमचं काय राहणार याची मर्यादा घाला. मिसळणाचा डबा, तेलाची किटली, मीठ, चहा-साखर. मिक्सर रोज लागत असेल तर तोही. टोस्टर, सँडविच मेकर, ज्यूसर खाली.

वर्षभराचे तांदूळ, मसाला, लोणची, वाळवण यांची सोय कुठे करू?

आधी विचारा, वर्षभराचं खरंच भरायचं का? वाशीच्या एपीएमसीतून एकदम धान्य आणायची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती सोडावी असं मी म्हणणार नाही. पण पाचशे फुटांच्या घरात तीन महिन्यांचं भरणं जास्त परवडतं, कारण जागेलाही भाडं आहे.

भरायचंच असेल तर जड वस्तू खाली. तांदळाची कोठी सगळ्यात खालच्या खणात, जमिनीपासून दोन-तीन इंच वर, भिंतीला न चिकटवता. बाथरूमच्या सामायिक भिंतीला तर मुळीच नाही. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. वर्षाचा मसाला आणि लोणच्याच्या बरण्या अंधाऱ्या, शेगडीपासून दूरच्या कप्प्यात. शेगडीच्या डोक्यावरचं कपाट तापतं, तिथे मसाला ठेवलात तर रंग आणि वास दोन्ही उतरतात.

सोऱ्या, पुरणयंत्र, फराळाचे मोठे डबे, गौरी-गणपतीची समई हे माळ्यावर. प्रत्येक खोक्यावर समोरच्या बाजूला आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा. पितळी हंडे-परातींसारखं वजन लटकत्या कपाटांत ठेवू नका. नव्या इमारतींच्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात आणि साध्या प्लगला त्या धरत नाहीत. त्यांना योग्य अँकर लागतात.

आम्ही भाड्याने राहतो. अकरा महिन्यांसाठी काय करावं?

भिंतीला ड्रिल नको. चाकांची उभी रॅक, सुट्टे अर्धे कप्पे, चौकोनी डबे, जमिनीवर उभी राहणारी मांडणी: पुढच्या घरी बरोबर नेता येईल तेवढंच घ्या. तुर्भ्यात डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या आयकियात लहान स्वयंपाकघरं प्रत्यक्ष उभी करून ठेवलेली असतात. काही विकत न घेताही तिथे जाऊन खण उघडून बघा, कल्पना भरपूर मिळतात.

ड्राय बाल्कनी बंद करून किचन वाढवू का?

नको. कपडे, वॉशिंग मशीन, कचऱ्याचा डबा आणि हवा यांची ती जागा आहे. तिथे ज्वालाग्राही काही नसलेली एक उघडी रॅक पुरे.

गॅसचा पाइप दिसतो, तो कपाटात झाकता येईल का?

झाकू नका. पाइप गॅसच्या नळीची तपासणी करता आली पाहिजे आणि बंद करायच्या कॉकपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. पाइप सरकवायचा असेल तर महानगर गॅसकडे अर्ज करा, प्लंबरला सांगू नका.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर वर चढतो, म्हणून वरची खिडकी किंवा झडप उघडी हवी. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या ट्रॉलीला खालच्या बाजूला जाळी हवीच. शटर ‘छान बंद दिसावं’ म्हणून ती जाळी काढणाऱ्या कारागिराला थांबवा.

चिमणी लागतेच का?

मोठी खिडकी आणि चांगला एक्झॉस्ट पंखा असेल तर नाही. घ्यायचीच तर बाहेर हवा टाकणारी घ्या, शेगडीपासून २६ ते ३० इंच उंचीवर. डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, जितका आखूड आणि वळणं जितकी कमी, तितकं काम चांगलं. लांबलचक डक्टने मोठ्या क्षमतेची चिमणीही दमते.

सुताराकडून करू की मॉड्युलर कंपनीकडून? कोटेशन समजत नाही.

घर वेडंवाकडं, जुनं असेल तर चांगला सुतार. भिंती सरळ आणि वेळ कमी असेल तर मॉड्युलर. तयार वस्तूंची तुलना करायची असेल तर उल्हासनगरचा फर्निचर बाजारही जवळ आहे.

कोटेशनमध्ये दर कशावर लावला आहे ते आधी विचारा. दहा फूट लांब आणि अडीच फूट उंच खालची कपाटं म्हणजे समोरून २५ चौरस फूट. कुणी या २५ फुटांवर दर लावतो, कुणी आतल्या फळ्यांसकट सगळं मोजतो, कुणी दहा रनिंग फुटांवर, म्हणजे नुसत्या लांबीवर. दर कमी दिसणारा अंतिम बिलात महाग निघतो तो इथेच. ट्रॉल्या, बिजागऱ्या, हँडल, आतला सनमायका, वाहतूक, डेब्रिस उचलणं, जीएसटी यातलं काय धरलं आहे आणि काय नाही, हे ओळीने लिहून घ्या. प्लायचा दर्जा आणि जाडी, ट्रॉलीची ग्रेड, चॅनेलचा मेक कोटेशनवरच हवा. तोंडी शब्दावर काम देऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असला तरी.

काम कोणत्या महिन्यात काढावं?

दिवाळीनंतर ते मे अखेर. पावसाळ्यात प्लाय ओल धरतं आणि सनमायका नीट चिकटत नाही. दिवाळीच्या तोंडावर कारागीर घाईत असतात. काम चालू असताना इंडक्शन आणि एक बादली-सिंक हॉलमध्ये मांडून ठेवा. बाहेरच्या जेवणाचा खर्च कोटेशनमध्ये नसतो.

काम झाल्यावर शेवटचे पैसे देण्याआधी काय तपासू?

सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा, मग खालच्या जोडांवर कोरडा टिशू पेपर फिरवा. ओला झाला तर तिथेच थांबवा. प्रत्येक ट्रॉली भांड्यांनी भरून उघड-बंद करा, रिकामी ट्रॉली सगळीच सुरेख चालते. फ्रिजचं दार आणि शेजारचं शटर एकाच वेळी उघडून बघा. ओटा आणि भिंत यांच्या फटीत सिलिकॉन सलग भरलं आहे का ते बोट फिरवून पाहा, झुरळं तिथूनच येतात. पाइपांसाठी कापलेल्या भोकांच्या कडा सील केल्या आहेत का, हे टॉर्च लावून बघायला विसरू नका. कच्चं प्लाय उघडं राहिलं असेल तर ओल तिथूनच शिरते. गॅसचा कॉक डाव्या हातानेही बंद करता येतो का? आणि उरलेल्या सनमायकाचा एक तुकडा मागून घ्या. पुढे एखादं शटर बदलायची वेळ आली, तर त्याच नंबरचा सनमायका शोधायला तो लागतो.